नोटीस बजावली, कर्तव्य संपले काय?

सुरत शहराच्या दक्षिण अंगास, उधना व पांडेसरा या औद्योगिक भागांना लागून बमरोली ही वस्ती आहे. एके काळचे हे गाव आज सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत असून यंत्रमागांच्या खडखडाटात बुडून गेले आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार येथून पोटापाण्यासाठी गेलेली मराठी कुटुंबे या दक्षिण सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत आणि त्यांच्या शेजारी ओरिसाचे व उत्तरप्रदेशाचे कामगार राहत आहेत. वडगाव, शहापूर, खासबाग येथील विणकरांच्या आळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्या आमच्या वाचकांना बमरोलीचे चित्र निराळे रंगवून सांगावयास नको. जेथे सूत आहे तेथे तंतूंची धूळ आहे, यंत्राचे तेल आहे, झेपेल त्याहून अधिक भार वाहणाऱ्या विजेच्या तारा आहेत. आणि जागेच्या टंचाईपायी जिन्यातच रचून ठेवलेले ताग्यांचे गठ्ठेही आहेत. अशा वस्तीत रात्री निर्धास्तपणे डोळा लागावा, ही गोष्ट पालिकेच्या एका सामान्य नोकरावर अवलंबून असते. तो म्हणजे इमारत व अग्निसुरक्षा यांची तपासणी करणारा निरीक्षक. त्याचे नाव कोणास ठाऊक नसते. दुर्घटना घडली म्हणजे मात्र सर्वांनाच त्याची आठवण होते.

अशी आठवण सुरतेस २४ मे २०१९ रोजी झाली. शहराच्या सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या व्यापारी इमारतीस त्या दिवशी आग लागली. सर्वांत वरच्या मजल्यावर, गच्चीवर उभारलेल्या बांधकामात मुलांचे शिकवणी वर्ग चालत होते. तेथे जाण्याचा जिना लाकडी होता. तोही जळाला. धूर कोंडला, वाट उरली नाही आणि कोवळ्या वयाच्या मुलामुलींनी खिडक्यांतून खाली उड्या घेतल्या. सुरुवातीस आलेल्या बंबांची शिडी त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. बावीस जीव गेले. जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, याच शहराच्या वेसू भागात शिकवणी वर्ग असलेल्या इमारतीस आग लागून प्राणहानी झाली होती. म्हणजे धोक्याची सूचना मिळालेली होती. तक्षशिलेच्या आगीनंतर मालक व वर्गचालक यांच्यासमवेत पालिकेचे अभियंते आणि अग्निशमन अधिकारीही आरोपींच्या यादीत आले. राज्यभर शिकवणी वर्गांना टाळे ठोकण्याची धावपळ झाली. आणि बरोबर पाच वर्षांनी, २५ मे २०२४ रोजी, त्याच राज्यातील राजकोट शहरात पत्र्याच्या छताखाली चालणाऱ्या एका खेळघरास आग लागली आणि सत्तावीस जण मृत्युमुखी पडले. ते बांधकाम हटविण्याची नोटीस पालिकेने आदल्या वर्षीच काढली होती. नोटीस निघाली, फायलीत तिची नोंदही झाली, आणि खेळघर चालूच राहिले!

आमचा प्रश्न या नोटिशीविषयी आहे. कागद बजावला म्हणजे निरीक्षकाचे कर्तव्य संपले काय? आमचे स्पष्ट उत्तर असे की, कर्तव्य तेथे संपत नाही. ते तेथून सुरू होते. निरीक्षकाला वेतन पालिका देते, परवान्याचे शुल्क मालक भरतो. परंतु तो ज्याचा विश्वस्त आहे तो मनुष्य या दोघांहून निराळा आहे. आग लागेल त्या क्षणी त्या इमारतीत जो असेल तो शिकवणीस आलेला मुलगा, मागावरचा कामगार किंवा दवाखान्यातील रुग्ण, त्या अनोळखी माणसाच्या वतीने निरीक्षक दारातून आत जातो. हे ध्यानात ठेवले तर त्याची कर्तव्ये कोणती आणि त्यासाठी पात्रता कोणती, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

कर्तव्याचा पहिला भाग विटेवर वीट चढण्यापूर्वीचा आहे. नकाशा तपासणे, जमिनीचा व वापराचा मेळ पाहणे, जोते बांधून झाले की ते मंजूर नकाशाप्रमाणे आहे की नाही हे टेप लावून पाहणे, आणि काम पुरे झाल्यावरच भोगवटा प्रमाणपत्र देणे. हा शेवटचा टप्पा लोक केवळ उपचार समजतात. तो उपचार नाही, याचा दाखला आमच्या उंबरठ्याशीच आहे. १९ मार्च २०१९ रोजी, म्हणजे सुरतेच्या अग्निकांडाच्या दोनच महिने आधी, धारवाडच्या कुमारेश्वर नगरात बांधकाम चालू असलेली एक व्यापारी इमारत कोसळली आणि एकोणीस माणसे गाडली गेली. वर काम चालू होते आणि खाली दुकाने थाटली गेली होती. अपुऱ्या इमारतीत माणसे शिरू देऊ नयेत, हा नियम कशासाठी केला आहे, हे याहून स्पष्ट कोणी सांगावयास हवे काय?

कर्तव्याचा दुसरा भाग इमारत वापरात आल्यानंतरचा असून तो अधिक कठीण आहे, कारण इमारत बदलत राहते. राहत्या घराचा गाळा होतो, गाळ्याचे गोदाम होते, पोटमाळ्यावर कामगार झोपू लागतात, गच्चीवर पत्रे चढतात आणि त्या पत्र्यांखाली वर्ग भरतो. कागदावरची इमारत व रस्त्यावरची इमारत यांत दिवसेंदिवस अंतर पडत जाते. हे अंतर मोजणे हेच निरीक्षकाचे खरे काम. त्यासाठी त्याने पाहावयाच्या गोष्टी गूढ नाहीत. बाहेर पडण्याच्या वाटा किती, त्या मोकळ्या आहेत की गठ्ठ्यांनी अडविल्या आहेत, दारे बाहेरच्या अंगास उघडतात की आत, त्यांना कुलूप आहे काय, अग्निशामक नळकांडे भरलेले आहे की केवळ खिळ्याला टांगलेले, टाकीत पाणी व पंपास वीज आहे काय, आणि बंब गल्लीत वळू शकेल काय. राष्ट्रीय इमारत संहितेने शैक्षणिक वापराच्या इमारतीतील जिना किमान दीड मीटर रुंद असावा असे म्हटले आहे. आपल्या गावातील शिकवणी वर्गांचे जिने कोणी मोजले आहेत काय? आईबापांनी एकदा स्वतःच वीतभर मापून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.

बंद दाराची गोष्ट निघाली म्हणून सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण सांगतो. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल या शिवणकामाच्या कारखान्यास आग लागली. कारखाना आठव्या, नवव्या व दहाव्या मजल्यांवर होता. बंबाची शिडी सहाव्यापर्यंतच जाई. कामगार चोरी करतील या भयाने मालकांनी एक दार कुलूपबंद ठेवले होते. १४६ जण मेले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. त्यानंतर तेथील राज्याने चौकशी आयोग नेमला, कारखान्यांविषयी अनेक कायदे केले आणि तपासणीची यंत्रणा वाढविली. शिडी पोहोचली नाही, वाट मिळाली नाही, मुलींनी उड्या टाकल्या: न्यूयॉर्कच्या त्या हकिकतीत व सुरतेच्या हकिकतीत १०८ वर्षांचे अंतर आहे, पण कारणांत अंतर नाही. आग नवी युक्ती शोधीत नाही. माणसाची जुनी चूक तिला पुरते.

आता पात्रतेविषयी. पहिली पात्रता ज्ञानाची. खांबावरचा भार ज्याला समजत नाही, धूर आगीहून आधी मारतो हे ज्याला ठाऊक नाही, विजेच्या तारेवरचा भार जो ओळखू शकत नाही, त्याने तपासणीस जाणे म्हणजे नाडी न कळणाऱ्याने वैद्यकी करणे होय. हे ज्ञान मिळविण्याची सोय परक्या मुलखात नाही. १९५६ मध्ये स्थापन झालेले आणि पुढील वर्षी नागपुरास आलेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय देशभरच्या अधिकाऱ्यांना हेच शिकवीत आले आहे. सीमाभागातील मराठी तरुणांनी कारकुनीच्या परीक्षांइतकेच या शिक्षणाकडे लक्ष दिले, तर त्यांचेही कल्याण होईल आणि गावांचेही.

दुसरी पात्रता निःस्पृहतेची, आणि येथे कायद्याच्या रचनेकडेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाने मालकावर अशी जबाबदारी टाकली की, त्याने परवानाधारक संस्थेकडून जानेवारीत व जुलैत, असे वर्षातून दोनदा, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र सादर करावे. गुजरातनेही सुरतेच्या दुर्घटनेनंतर खाजगी अग्निसुरक्षा अधिकाऱ्यांची योजना आणली. मनुष्यबळ अपुरे असता अशी व्यवस्था समजण्यासारखी आहे. तथापि ज्याची तपासणी करावयाची त्याच्याच हातून मेहनताना घेणाऱ्या तपासनिसावर सर्व भार टाकता येणार नाही. खाजगी प्रमाणपत्रावर पालिकेच्या निरीक्षकाने अवचित जाऊन शहानिशा केली नाही, तर ते प्रमाणपत्र भिंतीवरील शोभेच्या चौकटीहून अधिक काही राहत नाही.

तिसरी पात्रता धैर्याची. आणि धैर्य एकट्या निरीक्षकाकडून मागणे अन्यायाचे होईल. सणाच्या तोंडावर दुकानास टाळे लावणाऱ्या निरीक्षकाला तासाभरात कोणाचे निरोप येतात, हे आमच्या वाचकांपासून लपलेले नाही. त्याला पाठबळ द्यावयाचे तर उपाय साधे आहेत. तपासणीची तारीख, आढळलेले दोष आणि ते दूर करण्याची मुदत इमारतीच्या दर्शनी भागावर लावावी. मुदत संपताच दार बंद करण्याचा अधिकार त्याला असावा, आणि ते उघडावयाचे झाल्यास ज्याच्या हुकुमाने उघडले त्याचे नाव लेखी नोंदले जावे. मग निरोप पाठविणारे आपोआप कमी होतील.

भाषेचाही विचार येथे अप्रस्तुत ठरत नाही. बमरोलीच्या कारखान्यात मराठी, उडिया व हिंदी बोलणारे कामगार खांद्यास खांदा लावून काम करतात. धूर भरलेल्या खोलीत बाहेरची वाट दाखविणारी पाटी त्यांतील प्रत्येकास कळली पाहिजे. आमच्या गावांतही हेच लागू आहे. राजभाषेची पाटी असावीच. परंतु आगीतून पळणाऱ्या माणसाला वाचता येईल अशी पाटी तिच्याशेजारी असणे हा कोणाच्या अभिमानाचा प्रश्न नसून प्राणांचा प्रश्न आहे. निरीक्षकाच्या सूचनाही ज्यांच्यासाठी आहेत त्यांना समजतील अशाच भाषेत दिल्या गेल्या पाहिजेत.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्रात व गुजरातेत मोठ्या महापालिकांची स्वतःची अग्निशमन दले आहेत; कर्नाटकात हे राज्य शासनाचे खाते आहे आणि बांधकामाचा परवाना मात्र पालिकेकडे आहे. अग्निशमन खात्याच्या ना-हरकत दाखल्याचा कटाक्ष मुख्यतः उंच इमारतींवर असतो. आमच्या पेठांतील दोन-तीन मजली घरे, ज्यांत खाली दुकान, मध्ये गोदाम व वर वर्ग भरतो, ती या दोन खात्यांच्या मधल्या फटीत सापडतात. या घरांकडे पाहणारा डोळा पालिकेच्या इमारत निरीक्षकावाचून दुसरा नाही. म्हणून नगरसेवकांनी पालिका सभेत तीन प्रश्न विचारावेत: असे निरीक्षक किती आहेत, त्यांचे शिक्षण काय, आणि गेल्या वर्षी त्यांनी बजावलेल्या नोटिशींपैकी किती अंमलात आल्या?

शेवटी एक गोष्ट आम्ही आमच्या वाचकांनाच सांगू इच्छितो. ती कटू आहे, पण सांगणे भाग आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात नगराच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना घरोघरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, आकडे ठेवण्यास सांगितले आणि आग विझविण्यास न धावणाऱ्या घरमालकास बारा पण व भाडेकऱ्यास सहा पण दंड ठरविला. अधिकाऱ्यावर जबाबदारी टाकून नागरिकास मोकळे सोडावे, हे त्या शहाण्या पुरुषास मान्य नव्हते. आज जिन्यात माल ठेवणारे कोण? गच्चीवर पत्रे टाकून भाडे घेणारे कोण? निरीक्षक दारात आला असता ओळखीच्या पुढाऱ्यास दूरध्वनी करणारे कोण? ते आपल्यातीलच आहेत. आणि त्याच जिन्याने आपलीच मुले संध्याकाळी शिकवणीस चढतात. निरीक्षकाने कर्तव्यास जागावे अशी मागणी करण्याचा हक्क आपणांस निश्चित आहे. परंतु ती मागणी घेऊन पालिकेच्या पायऱ्या चढण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घराचा जिना मोकळा करावा.