संशोधन आईच्या हातात पोचलं पाहिजे



मागच्या पालकसभेत मी दुसरीच्या वर्गाचा अहवाल वाचून दाखवत होते. अध्ययन निष्पत्ती, संपादणूक पातळी, पायाभूत साक्षरता... सगळे शब्द बरोबर होते. माझं संपल्यावर मागच्या रांगेतली एक आई उठली आणि म्हणाली, "मॅडम, ते समदं खरं, पण माझी पोर वाचती का?" सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यात तिच्या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं.

हे शब्द शिक्षणाच्या अभ्यासातूनच आले आहेत. अभ्यास चुकीचा नाही, तो त्या आईपर्यंत पोचला नाही. आणि तो पोचवणं हे काम माझं होतं.

या बाबतीत मला नेहमी गडचिरोली आठवते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. बाळांचे मृत्यू न्यूमोनियाने होतात, आणि वेगाने चालणारा श्वास ही त्याची महत्त्वाची खूण आहे. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल तर धोका. डॉक्टरांसाठी हे सोपं आहे. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? तिथे 'आधी हिला शिकवा' म्हणून काम थांबलं नाही. वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन तयार झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर श्वास वेगाचा आहे. मोजमाप तेच राहिलं, फक्त ते दाईच्या बोटांवर आलं.

पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली गेली. नवजात मृत्यूंचं प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. २०११ पासून आशाताईंमार्फत ही पद्धत देशभर राबवली जाऊ लागली. बालमृत्यूंवरच्या अहवालाचं मराठी नावही बघा: 'कोवळी पानगळ'. हे नाव कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

काही जण म्हणतात, सोपं केलं की अभ्यास उथळ होतो. मला तसं वाटत नाही. तो मणी काय मोजतो हे नीट ठाऊक असल्याशिवाय तो कुठे लावायचा हे कळत नाही. सोपं करणाऱ्यालाच विषय जास्त समजावा लागतो.

आता आपल्या वर्गाचं. तोच उतारा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचला की मुलांचं वाचन ओघवतं होतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. ते मी पालकांना असं सांगितलं: मुलीला रोज तोच छोटा उतारा वाचायला लावा. ती अडखळली की वाटीत एक चिंचोका टाका. रोज वाटीतले चिंचोके मोजा. ज्या आईला अक्षर ओळख नाही, तिलाही अडखळणं ऐकू येतं. फक्त एवढ्यावर थांबू नका, कारण चिंचोके ओघ दाखवतात, अर्थ नाही. म्हणून शेवटी विचारा, "काय झालं गं गोष्टीत?"

त्याच आईने परवा फाटकाजवळ गाठून सांगितलं, "मॅडम, अकरा होते, आता चारच पडतात."

माझ्या अहवालातली संपादणूक पातळी ती हीच. तेव्हा मित्रहो, पुढच्या पालकसभेआधी आपला अहवाल एकदा घरच्या आजीला वाचून दाखवू या. तिला कळला नाही तर तो अजून पूर्ण झालेला नाही.