करार झाला; वचनाचे काय?

दरवर्षी २४ सप्टेंबर आला की पुणे कराराचे स्मरण होते. गांधीजींचे बरोबर की डॉ. आंबेडकरांचे, याचे निवाडे व्यासपीठांवरून दिले जातात. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. त्या वेळी दिलेला शब्द किती पाळला गेला?

ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्य वर्गाला स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवडा कारागृहात उपोषण आरंभिले. २४ तारखेला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्या जागी प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. दुसऱ्याच दिवशी मुंबईत पं. मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या हिंदूंच्या परिषदेने ठराव केला. यापुढे जन्मामुळे कोणी अस्पृश्य मानला जाणार नाही. सार्वजनिक विहिरी, शाळा व रस्ते यांवर सर्वांचा समान हक्क राहील. मंदिरप्रवेशाची बंदीही लवकरात लवकर दूर केली जाईल, असे ते वचन होते.

राखीव जागांचे कलम १९३५ च्या कायद्यात आले आणि १९३७ च्या निवडणुकांत अमलातही आले. त्यामागे कायदा होता, मोजता येणारा आकडा होता. विहिरी व मंदिरांचे वचन समाजाच्या सद्सद्विवेकावर सोपवले गेले आणि ते रेंगाळले. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० पासून सत्याग्रह चालू होता. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. पंढरीच्या विठोबाचे दर्शन सर्वांना व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावावे लागले. एक उपोषण करारासाठी, दुसरे वचनपूर्तीसाठी! त्यानंतरही सत्तरच्या दशकात पुण्याच्या डॉ. बाबा आढाव यांना 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ हाती घ्यावी लागली. त्यांच्याशी वैचारिक मतभेद असतील. पण तिची गरज पडावी, हे हिंदू समाजाला भूषणावह नव्हते.

सशस्त्र संघर्षानंतरच्या करारांचा अनुभवही वेगळा नाही. १९७५ च्या शिलाँग करारात नागा प्रश्नाचे अंतिम मुद्दे पुढील चर्चेवर ढकलले गेले. पाच वर्षांत एनएससीएन ही नवी बंडखोर संघटना उभी राहिली. १९८६ च्या मिझो कराराने मात्र दोन दशकांचा रक्तपात थांबवला. बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवली, मुख्यमंत्री लालथनहौला यांनी लालडेंगा यांच्यासाठी पद सोडले, आणि २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोरम राज्य अस्तित्वात आले. दोन्ही बाजूंनी काही सोडले आणि ते वर्षाच्या आत लोकांना दिसले.

संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे. तथापि, पाणवठ्यावर आणि गाभाऱ्यात प्रत्येक वेळी पोलीस उभा करता येत नाही. तेथे समाजालाच शब्द पाळावा लागतो. येत्या २४ सप्टेंबरला गांधी-आंबेडकर वादावर आणखी एक व्याख्यान योजण्याऐवजी कार्यकर्त्यांनी आपल्या गावाचा पाणवठा, मंदिर आणि स्मशानभूमी पाहून यावी. तेथे कोणाला अडवले जात असेल, तर मुंबईतला तो ठराव अजून अपुराच आहे, आणि तो पूर्ण करण्याचे दायित्व ठराव करणाऱ्यांच्या वारसांचे आहे.