येऊरचा धूर : डोंगरावरची प्रत्येक आग वणवा नसते

वर्तकनगर (ठाणे) : होळीच्या आसपास येऊरच्या डोंगरावर धूर दिसला की वर्तकनगर, उपवन, पोखरण रोडच्या सोसायट्यांमध्ये मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागतात. 'जंगल पेटलं', आणि लगेच खाली 'पाड्यावरच्यांनीच लावलं असणार'. पण डोंगरावरची प्रत्येक आग सारखी नसते. काही आगी तर वन विभाग स्वतःच लावतो, आणि त्या वेळेवर लागल्या नाहीत तर एप्रिल-मेमध्ये डोंगर वाचवणं कठीण होऊन बसतं.

या आगीला म्हणतात जाळरेषा. पाऊस चार महिने धो धो पडतो, गवत कमरेएवढं वाढतं आणि पुढचे सात-आठ महिने ते वाळत राहतं. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरपासून रस्त्याच्या कडेने, हद्दीवर, पायवाटेला धरून गवताचा पट्टा कापायचा, वाळू द्यायचा आणि वारा पडलेला असताना माणसं उभी करून जाळून टाकायचा. पुढे वणवा आलाच तर त्या उघड्या पट्ट्यावर त्याला खायला काही मिळत नाही, तो तिथे थांबतो. आगीचा हंगाम सरकारी हिशेबाने १५ फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधी हे काम उरकलं पाहिजे. पट्टा उशिरा पेटवला, त्यात दुपारचा वारा सुटला, तर जाळरेषेचाच वणवा होतो.

दुसरी आग शेतकऱ्याची, म्हणजे राबाची. शहापूर, मुरबाडपासून येऊरच्या पाड्यांपर्यंत भात करणाऱ्याला ती नव्याने सांगायला नको. शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर लावायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे आग धावत नाही, हळूहळू सरकत जाते. तणाचं बी मरतं, राखेवर रोपं जोमाने येतात. परदेशात नियंत्रित आगीचं शिक्षण घेणाऱ्यांनाही वाऱ्याविरुद्ध सरकणारी ही आग पहिल्या धड्यात शिकवतात. आपल्याकडे ती शाळा न शिकलेल्या म्हातारीलाही येते.

राबावरून सरकार आणि शेतकरी यांचं भांडण जुनंच आहे. इंग्रजांच्या काळात ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगल हक्कांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ साली आला. पुढे १९२७ च्या वन कायद्यात राखीव जंगलात आग लावणं कलम २६ खाली गुन्हा ठरलं, मात्र वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची सोय त्यातच ठेवली. राष्ट्रीय उद्यानाला १९७२ चा वन्यजीव कायदाही लागतो, तो आणखी कडक. येऊर पडतं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. देहरादूनहून उपग्रहाचा इशारा येतो त्यात नुसता ठिपका असतो. तो राब आहे, कुणी शिकारीसाठी लावलेली आग आहे की रात्रीच्या पार्टीतून फेकलेली सिगारेट, हे जागेवर गेल्याशिवाय कळत नाही. संशय मात्र आधी पाड्याकडेच जातो.

मग डोंगर मुद्दाम जाळायचा का? दक्षिण आफ्रिकेत केपच्या परिसरातलं झुडपी रान टिकवायला ठरावीक वर्षांनी जाळावंच लागतं, तिथल्या बऱ्याच झाडांचं बी आग आणि धुराशिवाय रुजत नाही. कर्नाटकात बिळिगिरी रंगन डोंगरातले सोलिगा आदिवासी हंगामाच्या सुरुवातीला पाचोळ्याला हलकी आग देत. १९७४ साली अभयारण्य झालं, पुढे आग बंद झाली आणि घाणेरी माजली, असं तिथले जाणते सांगतात. संशोधकांनीही त्यांचं म्हणणं गंभीरपणे घेतलं आहे.

येऊरला हे जसंच्या तसं लावता येणार नाही. इथलं रान पानगळीचं, साग-ऐनाचं. त्याचं बी रुजायला आग लागत नाही, उलट कोवळी रोपं होरपळतात. घाणेरी आणि रानमोडी एकदा माजल्यावर वरून जाळून मरत नाहीत. बुंध्यातून पुन्हा फुटतात, मोकळ्या झालेल्या जागेत अधिकच पसरतात. 'गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं' ही समजूत गवताच्या माळापुरती ठीक, जंगलात ती महागात पडते. म्हणजे आग कडेच्या पट्ट्यावर, आणि तीही थंडीतच. आतली घाणेरी पावसानंतर जमीन ओली असताना मुळासकट काढायची. काम कष्टाचं आहे, मजुरी लागते, फोटोही काही खास येत नाही.

वणवा लागल्यावर ओल्या फांद्या घेऊन धावायला पाड्यावरचीच पोरं लागतात. वारा कुठल्या घळीतून वर चढतो हे त्यांना ठाऊक असतं. मग जाळरेषा कुठून काढायची हे ठरवताना त्यांना का विचारू नये? राब पेटवायच्या आदल्या दिवशी वनरक्षकाला कळवायचं आणि त्याने तिथे हजर राहायचं, एवढं ठरलं तरी निम्मा संशय मिटेल.

गवत नोव्हेंबरात वाळायला लागतं. सोसायट्यांना डोंगराची काळजी आहे हे चांगलंच आहे. त्यांनी दिवाळीनंतर वन कार्यालयात जाऊन विचारावं : यंदा जाळरेषा किती काढल्या, कधी जाळणार आणि कामावर पाड्यातली किती माणसं घेतली?