सूचीविना संशोधन

‘प्रस्तुत विषयावर मराठीत अद्याप स्वतंत्र लेखन झालेले नाही’ हे विधान आपल्या प्रबंधांच्या प्रास्ताविकांत इतके रूढ झाले आहे, की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. तो कसा शोधावा, हे ग्रंथालयशास्त्राला ठाऊक आहे. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाचे ग्रंथपाल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ मध्ये उपयोजित भूभौतिकी आणि वंगण या विषयांवरील लेखांची नियतकालिकनिहाय मोजदाद मांडली. एका विषयावरील बरेचसे लेखन मोजक्या नियतकालिकांत एकवटते; उरलेले मात्र त्या विषयाशी वरवर संबंध नसलेल्या कितीतरी नियतकालिकांत विखुरते, असे त्यांना दिसले. आपण वाचतो ते बहुधा गाभ्यातलेच. दलित साहित्याचा अभ्यासक ‘अस्मितादर्श’ चाळतो. दिवाळी अंक, जिल्हा पत्रांच्या पुरवण्या, गौरवग्रंथ यांत पांगलेले लेखन त्याच्या दृष्टीस पडत नाही. (प्रस्तुत लेखकाचा प्रबंधही यास अपवाद नव्हता.)

अर्थात मोजदादीपूर्वी सूची हवी. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे दोन खंड १८०० ते १९५० या काळातील ग्रंथांची नोंद देतात. लेखांची विषयवार सूची हे त्याहून बिकट काम. कारण मराठी लेखाचे शीर्षक पुष्कळदा विषय सांगतच नाही. लेख वाचूनच त्याचा विषय ठरवावा लागतो, आणि हे काम ग्रंथपालावर सोपवून साहित्याच्या अभ्यासकाला मोकळे होता येणार नाही. मार्गदर्शकांनी रूपरेखेआधी सूची मागावी. तीत पाहिलेल्या अंकांबरोबरच, शोधूनही न मिळालेल्या अंकांचीही नोंद असावी.