लहान केबलवाल्याच्या खांद्यावर बड्यांची बंदूक

१८५४ साली या देशात टपालाचा एकच दर झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. लिहिणारा शेठ आहे की हमाल, हे पोस्टमनने पाहायचे नसते. रेल्वेतही तेच. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम ७० सांगते, मालवाहतुकीत कुणा एकाला गैरवाजवी झुकते माप देता येणार नाही. यालाच इंटरनेटच्या दुनियेत नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. मजकूर कुणाचा हे पाहून वेग किंवा भाव बदलायचा नाही, एवढेच.

एवढ्या साध्या नियमाविरुद्ध बड्या कंपन्यांची ओरड, आणि पुढे करायचे कुणाला? तर गल्लीतल्या लहान इंटरनेटवाल्याला! अमेरिकेत २०१७ साली हेच झाले. तिथल्या दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष अजित पै म्हणाले, नियमांच्या ओझ्याखाली लहान कंपन्या दबल्या. वस्तुस्थिती काय? २०१५ मध्ये नियम आले तेव्हाच एक लाखापर्यंत ग्राहक असलेल्यांना जादा माहिती जाहीर करण्याच्या कटकटीतून सूट दिली होती. चाळीसहून अधिक लहान कंपन्यांनी तर आयोगाला लिहून कळवले की नियम आम्हाला हवेत. कुणी ऐकले नाही. डिसेंबरमध्ये नियम रद्द झाले. २०२४ मध्ये ते पुन्हा आणले, तर जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने उडवले.

लहानाला नियम हवा, कारण त्याची वायर गल्लीपुरती. जगाशी जोडणारी बँडविड्थ तो बड्यांकडूनच विकत घेतो. वरच्याने वाटेत मजकूर निवडून अडवला, तरी गिऱ्हाईक शिव्या घालणार ते केबलवाल्यालाच. शिवाय फुकटाचे आमिष. २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सला हाताशी धरून ठराविक वेबसाइट फुकट दाखवायला सुरुवात केली. पुढे त्याचेच नाव 'फ्री बेसिक्स' पडले. असा सौदा आपल्या नाक्यावरच्या केबलवाल्याशी कोण करणार होते? ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी घातली, तेव्हा गरिबांच्या नावाने गळे काढणारे कमी नव्हते.

त्या नियमांत एक खोट आहे, तीही सांगितली पाहिजे. मोडणाऱ्याला दंड दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख, आणि लहानमोठ्या सर्वांना एकच. बड्यांचा हा चहापाण्याचा खर्च. पाचशे जोडण्या असलेल्याचे मात्र दुकानच बंद. पण म्हणून नियमच नको म्हणणे हा कावा आहे. बँडविड्थचा भाव, खांबांचे भाडे, बड्यांनी तोटा सोसून पाडलेले दर यांनी लहान माणूस मरतो, त्याबद्दल यांची तोंडे बंद!

आता नवे खूळ. मोबाइल कंपन्यांची संघटना सीओएआय म्हणते, फार मोठी वाहतूक असलेल्या वेबसाइटनी आम्हाला जाळ्याचे भाडे द्यावे. ग्राहक डेटाचे पैसे मोजतोच आहे! पुरते तिकीट लावलेल्या पत्रासाठी पोस्टाने पुन्हा पैसे मागावेत, तशातली ही गत. आणि भाडे मिळालेच, तर घासाघीस करून ते पदरात पाडण्याची ताकद गल्लीतल्या केबलवाल्याकडे आहे काय?

रेल्वेच्या बांधवांनो, रुळांलगत पुरलेल्या फायबरवर चालणारी आपल्या रेलटेलची 'रेलवायर' सेवा अशाच स्थानिक केबलवाल्यांमार्फत घराघरांत पोचते. तो बुडाला तर सार्वजनिक क्षेत्राचे हे गिऱ्हाईक कुणाच्या खिशात जाईल? येत्या शाखा सभेत विषय घ्या. दर-बंदी कायम राहावी, लहानांसाठी दंडाची वेगळी पायरी हवी आणि जाळ्याचे भाडे नको, असा ठराव करून फेडरेशनकडे पाठवा.