भिंतीवरचं सर्टिफिकेट आणि काकांचा आवाज

स्पष्टच लिहितो, कुणाला लागलं तर लागू दे.

माझे मोठे काका बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचे. चाळीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. हातपाय बऱ्यापैकी सुधारले, डोकं शाबूत, हिशोब आजही तोंडपाठ. पण बोलणं गेलं. म्हणजे आवाज आहे, शब्दही माहीत आहेत, फक्त ओठ-जीभ ऐकत नाहीत. अनोळखी माणसाला वाटतं, म्हातारा पिऊन आलाय.

'ॲडव्हान्स्ड' असं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेल्या एका खासगी थेरपिस्टकडे नेलं. तीन महिने काय केलं? मेणबत्ती फुंका, शिटी वाजवा, जीभ बाहेर काढा. उरलेल्या वेळात 'ण' आणि 'ळ' घोटून घेतले. काका 'पानी' म्हणायचे, 'शाला' म्हणायचे, आणि वहीत फुली पडायची. अहो, आमची बोली कोळी! झटका यायच्या आधीही काका 'पानी'च म्हणत होते. लकव्याने जे गेलंच नव्हतं ते परत आणायला आम्ही तीन महिने पैसे मोजले.

नंतर चौकशी केली तर कळलं, ते सर्टिफिकेट दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं. पेशंटला हात न लावता मिळालेलं.

आता कायदा काय म्हणतो बघा. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याप्रमाणे, म्हणजे आरसीआय कायद्याप्रमाणे, स्पीच थेरपिस्टला नोंदणी लागते. नोंदणीशिवाय धंदा केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार! पण आमच्या थेरपिस्टकडे नोंदणी होती. म्हणजे कायद्याने सगळं बरोबर. खरी अडचण तिथेच आहे. नोंदणी सांगते की माणसाकडे पदवी आहे. त्याने लकव्याचे, पार्किन्सनचे किती पेशंट वरिष्ठाच्या हाताखाली हाताळले, हे ती सांगत नाही. चार वर्षांच्या पदवीत बहिरेपण, तोतरेपण, ऑटिझम, दुभंगलेला टाळू, सगळंच असतं. त्यात बोलण्याच्या स्नायूंचे विकार किती वाट्याला येतील ते नशिबावर.

आणि हे विकारही एकसारखे नाहीत. डिसार्थ्रियात स्नायू कमजोर, ताठ किंवा सैरभैर होतात. अप्रॅक्सियात स्नायू ठीक असतात, मेंदूची हालचाल आखण्याची क्रिया बिघडते. दोन्हींचे उपचार वेगळे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डार्ली, ॲरन्सन आणि ब्राऊन यांनी १९६९ मध्ये डिसार्थ्रियाचे प्रकार लावले ते मुख्यतः पेशंटचं बोलणं कान देऊन ऐकून. म्हणजे हे कानाचं काम. तो कान शेकडो पेशंट ऐकून तयार होतो, स्लाइड बघून नाही.

परदेशी पद्धतींना माझा विरोध नाही. पार्किन्सनसाठी एलएसव्हीटी लाउड नावाची पद्धत आहे. आठवड्यात चार दिवस, चार आठवडे, एकूण सोळा सेशन. पद्धत चांगली आहे, पण ती एका आजारासाठीची एक पद्धत. ती शिकला म्हणून माणूस सगळ्याचा तज्ज्ञ होत नाही. आणि मुरुडच्या माणसाने त्यासाठी सोळा वेळा मुंबई गाठायची? पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद, वडखळमार्गे गेलं तर अख्खा दिवस जातो.

काही जण म्हणतात, "आधी जिल्ह्यात कुणीतरी येऊ दे, मग ॲडव्हान्स्डचं बघू." मला हे उलटं वाटतं. मुंबईत थेरपिस्ट अडला तर शेजारच्या खोलीत वरिष्ठ असतो, न्यूरोलॉजिस्ट असतो. इथे तो एकटा. जो एकटा काम करणार त्याचीच तयारी सगळ्यात पक्की हवी.

दुसरं म्हणतात, "या उपचारांना पुरावा तरी कुठाय?" खरंय. लकव्यानंतरच्या डिसार्थ्रियावर मोठ्या, भक्कम चाचण्या झालेल्या नाहीत, असं २०१७ चा कॉक्रेन आढावाही सांगतो. मग तर जास्तच जाणकार माणूस पाहिजे. ज्याला कुठे पुरावा आहे नि कुठे नाही ते माहीत असेल आणि जो मेणबत्त्या फुंकायला लावून बिल फाडणार नाही.

तर मागणी काय?

एक, आरसीआयने वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या संस्थांमार्फत या विकारांचं वेगळं, वरच्या पातळीचं प्रमाणपत्र द्यावं. ठरावीक पेशंट देखरेखीखाली हाताळल्याशिवाय ते मिळू नये.

दोन, परीक्षा मराठीत व्हावी, कानाची व्हावी. रेकॉर्डिंगमध्ये आगरी, कोळी, कातकरी बोलणं असावं. बोली आणि बिघाड यातला फरक कळत नसेल तर नापास.

तीन, अलिबागला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथे मोठ्यांसाठी असा थेरपिस्ट पूर्णवेळ हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रात स्पीच थेरपिस्टचं पद धरलेलं आहे, पण ती सोय अठरा वर्षांपर्यंतची. साठीच्या माणसाने कुठे जायचं?

तोवर घरात असा पेशंट असेल तर थेरपिस्टला तीन गोष्टी बेधडक विचारा. आरसीआय नंबर काय? हा नेमका कुठला विकार आहे, डिसार्थ्रिया की अप्रॅक्सिया? महिन्याभरात काय सुधारलं हे कसं मोजणार? आणि पेशंटला पाणी पिताना ठसका लागत असेल, प्यायल्यावर आवाज ओला घरघरता होत असेल, तर बोलण्याआधी गिळण्याची तपासणी करून घ्या. पाणी फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

काका आजही सकाळी बंदरावर जाऊन बसतात. लिलाव दुसराच पोरगा पुकारतो. भाव चुकला की काका हात वर करतात. बोलत नाहीत. लोक हसतील म्हणून.