ओटा बघितला, पार्किंग बघितली का?

मैत्रिणींनो, आपल्याकडे गावोगावच्या घरांत सध्या एक विषय हमखास निघतो. नागपूरला एखादा फ्लॅट घेऊन टाकायचा का? कोणाची मुलगी तिथे शिकते, कोणाचा मुलगा मिहानमध्ये नोकरीला लागला, कोणाच्या सासऱ्यांना सारखं डॉक्टरकडे न्यावं लागतं. मग वर्धा, भंडारा, यवतमाळहून मंडळी रविवारी निघतात आणि बेसा, मनीषनगर, दाभ्याच्या स्कीम बघून येतात. पैसा असतो शेताच्या तुकड्याचा, प्रॉव्हिडंट फंडाचा, नाहीतर आपल्या पाटल्यांचा.

फ्लॅट बघताना बाई कुठे उभी असते? स्वयंपाकघरात. ओटा पुरेल का, देवघर कुठे बसेल, कूलर कोणत्या खिडकीला लागेल, एवढं तिला विचारतात. खाली पार्किंगमध्ये आणि टेबलावरच्या कागदांपाशी मात्र पुरुषमंडळी. माझं म्हणणं आहे की आपणही खाली उतरायचं आणि कागदही वाचायचे. ओटा पुढे कधीही तोडून मोठा करता येतो, गाडीची जागा नाही करता येत.

माझ्या ओळखीतल्या एका काकूंना फ्लॅट विकणारा म्हणाला होता, "पार्किंगचं टेन्शनच घेऊ नका, वहिनी!" पैसे वेगळे घेतले, पण करारात एक ओळ नाही. राहायला गेल्यावर कळलं, गाड्या सहा आणि जागा चार. शेजाऱ्यांशी रोजची कटकट आणि गाडी मे महिन्याच्या उन्हात रस्त्यावर. तोंडी शब्दावर भांडायचं तरी कोणाशी?

कायदा इथे आपल्या बाजूने आहे. सुप्रीम कोर्टाने २०१० साली मुंबईच्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलं, की मोकळी जागा आणि इमारतीच्या खांबांमधली पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सगळ्यांच्या सामाईक मालकीची. जुन्या स्कीममधला फ्लॅट घेत असाल तर हे लक्षात ठेवा. १ मे २०१७ पासून महारेरा सुरू झालं. नव्या प्रकल्पात छताखालच्या पार्किंगचे पैसे घेता येतात, पण उघड्या पार्किंगचे नाही. २०२४ मध्ये महारेराने आणखी स्पष्ट केलं. पार्किंगचा नंबर, लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा, सगळं करारासोबत लिहून द्यायचं. कारण खांब मध्ये येतो, गाडीचं दार उघडत नाही, अशा लोकांच्या तक्रारी होत्या. म्हणून जाताना टेप घेऊन जा. ब्लाउजचं माप दहादा घेतो, मग लाखोंच्या जागेचं एकदा घ्यायला काय हरकत?

एक मात्र सांभाळा. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर महारेराच्या नोंदणीची सक्ती नाही. नागपुरात अशा छोट्या स्कीम गल्लोगल्ली आहेत. तिथे मंजूर नकाशा मागा, त्यात पार्किंग किती दाखवली ते मोजा आणि आपली जागा करारात लिहून घ्या. नोंदणी झालेल्या प्रकल्पातही रजिस्टर्ड करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. तेवढीच घ्यायची, असं कायदाच सांगतो.

जागा कागदावर आहे म्हणून ती कोरडी असेलच असंही नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि उभ्या गाड्या बुडाल्या. तेव्हा शेजारच्या बाईला विचारा, "ताई, त्या रात्री तुमच्याकडे पाणी कुठवर आलं होतं?" हे ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं.

आणि आपल्याकडे चारचाकी नसेल तर? कर्जाचा हप्ता आधीच जड असेल तर केवळ शेजारी घेतात म्हणून पार्किंग घेऊ नका. स्कूटी आणि जवळ मेट्रोचं स्टेशन, यावरही बरंच भागतं. पण दुचाकीची जागासुद्धा लिहूनच घ्या.

शेवटचं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून, घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. चाळीस लाखांच्या फ्लॅटला चाळीस हजार रुपये वाचतात! पाटल्या आपल्या मोडणार असतील, तर हा विषय घरात आपणच काढायला हवा. काढायला लाजू नका. फक्त नाव लागलं म्हणून निश्चिंत होऊ नका. सही कराल ते प्रत्येक पान वाचा. कळलं नाही तर वकिलाला विचारा. त्याची फी चुकीच्या फ्लॅटपेक्षा स्वस्तच पडते.